जलदानाचं पाणी

"डेंग्यू आहे," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट आमच्या दोघांच्या मधोमध धरला. नेमका कोणाच्या हातात द्यावा हे त्यांनाही ठरवता आलं नसावं. मोताळ्याचा तो लहानसा दवाखाना तापाच्या पेशंटांनी भरून गेला होता. खुर्च्या संपल्या म्हणून लोक पायऱ्यांवर बसले होते. प्रदीपनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, रिपोर्ट घेतला, एन-एस-वन या अक्षरांपुढचा शब्द वाचला आणि म्हणाले, "पाहा मॅडम, आजवर एवढ्या परीक्षा देल्या, पन पॉझिटिव्ह निकाल पह्यल्यांदाच लागला."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून ते मला मॅडम म्हणायचे. घरातही, भांडणातही.

एन-एस-वन म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचा एक अंश. ताप येऊन थोडेच दिवस झालेले असताना तो रक्तात सापडतो. डॉक्टरांनी दुसरा आकडा दाखवला तो प्लेटलेटचा. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणारे बारीक कण. ते कमी होऊ लागले होते, पण घाबरण्याइतके नाही. "घरी राहिलात तरी चालेल," डॉक्टर म्हणाले. "रोज रक्त तपासायला यायचं. पाणी, ताक, सूप भरपूर घ्यायचं. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून गोळी आणून खायची नाही, फक्त पॅरासिटामॉल. आणि एक लक्षात ठेवा, ताप उतरला की आजार गेला असं समजू नका. खरी काळजी ताप उतरल्यावर घ्यायची असते."

हे शेवटचं वाक्य मी इथे मुद्दाम लिहिते आहे. ज्यांच्या घरी डेंग्यूचा पेशंट आहे त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण तेवढं वाचा.

आमचं गाव रोहिणखेडच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचं आहे. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा. त्यामुळे आमच्याकडे कोणाची ऐपत बघायची तर त्याच्या घरातली भांडी मोजावीत. ड्रम, टाक्या, रांजण, हंडे, आणि पावसाळा संपत आला तरी खिडकीत ठाण मांडून बसलेला कूलर. त्याच्याही पोटात पाणी. सांडलेल्या दुधासाठी रडू नये म्हणतात. आमच्या वस्तीत सांडलेल्या पाण्यासाठी बायका खरोखर रडलेल्या मी पाहिल्या आहेत.

या सगळ्या भांड्यांची आई म्हणजे बुद्धविहारासमोरची आबांची टाकी. आबा प्रदीपचे चुलत काका. शेगावला रेल्वेत नोकरी केली, निवृत्त होऊन गावी आले आणि घर बांधायच्या आधी जमिनीखाली टाकी बांधली. नळाचं पाणी, टँकरचं पाणी, पत्र्यावरून येणारं पावसाचं पाणी, सगळं त्यात. ज्याचं पाणी संपलं त्याने यावं, झाकण उचलावं आणि न्यावं. टाकीला कुलूप नाही. पुढे प्रदीपनी तिच्यावर मोटार बसवून दिली. त्यांचं मोटारी बांधायचं दुकान होतं, शेतातल्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे.

आबांच्या टाकीचे दोनच नियम होते. कोणाला नाही म्हणायचं नाही, आणि पाण्यात काही टाकायचं नाही. दुसरा नियम बाहेरच्याला किरकोळ वाटेल. आम्हाला नाही. आबा लहान असताना गावाच्या विहिरीखाली आईबरोबर रिकामी घागर घेऊन उभे राहायचे. वरून कोणी ओतलं तर पाणी. पुढे आमच्या लोकांनी नाल्यात स्वतःचा झिरा खणला. नाल्याच्या वाळूत खड्डा केला की पाणी पाझरतं, तो झिरा. एका सकाळी त्यात मेलेलं कुत्रं निघालं. आबा हे सांगताना आवाज चढवत नाहीत. फक्त शेवटी म्हणतात, "तवापासून आपल्या पान्यात कोनाले काई टाकू द्याचं नाई."

प्रदीपला ताप यायच्या काही आठवडे आधी गावात तापाची साथ सुरू झाली होती. माझ्या वर्गातले बाक रिकामे होऊ लागले. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून रोज ओरडत होते, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा, हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. मग आरोग्य पथक घरोघर फिरू लागलं. आमच्याकडे एक आरोग्य सेवक आणि दोन बाया आल्या. बॅटरी लावून त्यांनी ड्रममध्ये पाहिलं, कूलर उलटे केले. लोकांनी कुरकुरत का होईना, करू दिलं.

टाकीपाशी मात्र गाडी अडली. आरोग्य सेवकाने झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, अळ्या आहेत. टाकी उपसून घासा, नाहीतर गप्पी मासे सोडा, नाहीतर या बाटलीतलं औषध टाकू द्या. पिण्याच्या पाण्यात चालणारं औषध आहे, मापाने टाकलं तर काही होत नाही.

आबा म्हणाले, "उपसली त दहा दिवस ह्या लोकायनं काय प्याव? मासे सोडलेलं पानी मी लोकायले पाजू का? अन् औषध त नाईच. पान्यात काई टाकाचं नाई."

त्याने पुन्हा समजावलं. आबांनी पुन्हा नाही म्हटलं. ऊन तापलं होतं, तो सकाळपासून फिरत होता, त्याचाही संयम सुटला असेल. तो बॅग उचलत म्हणाला, "तुम्ही लोकं ऐकतच नाही. मग मरता आणि नाव आमच्यावर."

प्रदीप तेव्हा दुकानातून जेवायला येत होते. एवढंच त्यांच्या कानावर पडलं.

"तुमी लोकं म्हंजे कोन बे?" ते म्हणाले. "सांग ना. कोन लोकं?"

बघता बघता सगळी वस्ती टाकीभोवती गोळा झाली. कोणी हात उचलला नाही, पण बाटली काही उघडली गेली नाही. पथक निघून गेलं.

जेवताना मी म्हटलं, औषध टाकू द्यायला हवं होतं. शाळेत त्याचं पोस्टर लावलंय, खोटं बोलत नव्हता तो.

"बाटली त्याच्या हातात होती मॅडम, पन जीभ कोनाची होती ते आयकलं ना?" प्रदीप म्हणाले. "आज हा आला. उद्या दुसरा कोनी येईन अन् म्हनीन, तुमच्या पान्यात हे टाकतो. कोनाकोनाले टाकू द्याचं?"

त्यांचं अर्धं म्हणणं मला पटलं होतं. ते आजही अर्धं पटतं. आमच्या दारात काय आणायचं, आमच्या भांड्यात काय घालायचं, हे ठरवण्याचा हक्क आमच्या लोकांना आयता मिळालेला नाही. तो सोडा म्हणणाऱ्याने आधी चांगलं बोलायला शिकावं. पण उरलेलं अर्धं असं आहे की डास काही जात विचारत नाही, आणि कोणी कोणाला काय बोललं हेही त्याला माहीत नसतं.

ताप आला तो थंडी वाजून. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणाले. सांधे असे दुखत होते की गावातल्या डॉक्टरकडून सुई घेऊन आले आणि परत कामाला बसले. मी ओढून मोताळ्याला नेलं तेव्हा एन-एस-वन निघालं.

मग रोजचा एकच दिनक्रम सुरू झाला. सकाळी रक्त, दुपारी रिपोर्ट, संध्याकाळी शेजारणींचे सल्ले. पपईच्या पानांचा रस कोणीतरी आणून दिला. प्रदीपनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "डास मरंल का नाई ते मालूम नाई, पन मी नक्की मरतो." घरात सगळे हसले. माझी अकरावीतली मुलगी समीक्षा तर खूपच हसली. आता तिला ते वाक्य आठवलेलं चालत नाही.

एके सकाळी ताप उतरला. अंग गार, चेहऱ्यावर तरतरी. ते स्वतःच्या हाताने अंघोळ करून आले. प्लेटलेट आदल्या दिवशी घसरले होते, म्हणून मी म्हटलं, आज रक्त तपासायलाच हवं. ते म्हणाले, "तू शाळेत जाय. मी समीक्षासंगं जातो दुपारून." मलाही बरं वाटलं होतं. ताप नसलेला माणूस आजारी दिसत नाही, हाच या रोगाचा डाव आहे.

दुपारी ते मोताळ्याला गेले नाहीत. टाकीवरची मोटार बंद पडली होती आणि बायका झाकण उघडून बादलीने पाणी ओढत होत्या. त्यांनी पाना-पक्कड उचलली आणि गेले. शाळा सुटल्यावर मी आले तेव्हा ते टाकीच्या कठड्यावर पाठ टेकून बसले होते. मोटार चालू झाली होती. हात हातात घेतला तर बर्फासारखा थंड. पोटात दुखतं म्हणाले, दोनदा उलटी झाली होती. समीक्षाला मात्र सांगितलं होतं, मम्मीला फोन करू नको, उगाच घाबरते.

शेजारच्या जीपने आम्ही घाट चढून बुलढाण्याला आलो. आयसीयूतल्या डॉक्टर बाईंनी पोटावर हात ठेवला, नखं दाबून पाहिली आणि पळापळ सुरू झाली. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं स्पष्ट. "यांना प्लाझ्मा लीकेज झालंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे रक्तवाहिन्या पाझरतात. रक्तातलं पाणी बाहेर पडून पोटात आणि छातीत साचतं. आत रक्त घट्ट होत जातं, बीपी पडतो. त्याला शॉक म्हणतात. सकाळी आला असतात तर मी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असतं."

पाईप पाझरतो म्हणजे काय हे प्रदीपइतकं कोणाला कळलं असतं?

मला आत जाऊ दिलं तेव्हा ते शुद्धीवर होते. नाकात नळी, हातात सलाइन, ओठ फाटलेले. "पानी दे ना, मॅडम," म्हणाले. मी नर्सकडे पाहिलं. पोट फुगलंय, उलटी होऊन श्वासात जाईल, चमचाभरच द्या, ती म्हणाली. मी चमचाभर दिलं. ते पुन्हा म्हणाले, "अजून." मी नाही म्हटलं. आबांच्या टाकीवरचा पहिला नियम मी असा मोडला. त्यांना सांगितलं, उद्या सकाळी पोटभर देते. त्यांनी डोळे मिटले. अंगातलं पाणी अंगातच सांडलेलं आणि माणूस तहानेने व्याकूळ. असलं वाईट दुखणं मी दुसरं पाहिलं नाही.

बाहेर बाकावर आबा काठीवर दोन्ही हात ठेवून बसून होते. प्लेटलेटसाठी रक्त देणारे हवे होते. गावातून पोरं आली, त्यात वरच्या आळीतलेही दोघं होते, ज्यांच्या शेतातल्या मोटारी प्रदीपनी बांधून दिल्या होत्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. अकोल्याला हलवावं का, असं मी विचारलं, तर डॉक्टर बाई म्हणाल्या, "या अवस्थेत रस्त्यात धोका जास्त आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. डॉक्टर उभ्याने बोलतात. त्या बसल्या तेव्हाच मला समजलं. "आम्ही बीपी वर आणू शकलो नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलं, पाणी मागत होते का? त्या म्हणाल्या, नाही, नंतर नाही.

आमच्यात माणूस गेल्यावर काही दिवसांनी जलदान करतात. घरचे लोक मिळून एक लोटा धरतात आणि दुसऱ्या भांड्यात हळूहळू पाणी ओतत राहतात. भांडं काठोकाठ भरून पाणी बाहेर सांडेपर्यंत. तोवर भंतेजी गाथा म्हणतात आणि गेलेल्याला पुण्य अर्पण होतं. पुढे सगळ्यांना जेवण. आमच्या घरी तो दिवस आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, पाणी आबांच्या टाकीचं आणा, प्रदीपच्या हातची मोटार आहे. पण लाइट गेली होती. झाकण उघडून लोटाच बुडवून आणला. घाईत कोणी पाणी गाळलं नाही.

मी आणि समीक्षाने लोटा धरला. खाली पांढरा चिनी मातीचा वाडगा होता. पाणी पडू लागलं आणि त्या पांढऱ्या वाडग्यात मला तीन-चार बारीक काळपट किडे दिसले. डोकं खाली, शेपटी वर, वळवळत वर येत होते, परत खाली जात होते. माझ्या वर्गाच्या भिंतीवर त्यांचं चित्र आहे. अंडी, अळी, कोष, डास, अशी नावं मी मुलांकडून पाठ करून घेतली आहेत.

माझा हात थांबला. गाथा चालूच होती. "मम्मी, ओत ना," समीक्षा हळूच म्हणाली. तिला दिसलं नव्हतं. मी ओतत राहिले. वाडगा भरला, पाणी काठावरून ताटात सांडलं आणि ते किडेही पाण्याबरोबर ताटात आले. समोर बसलेल्या आबांनी ते पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत पाहिलं.

लोक जेवून गेल्यावर आबा ओसरीत आले. काठी बाजूला ठेवून खाली बसले.

"सूनबाई, तू सांगशीन तसं," ते म्हणाले. "बंद कर म्हनशीन त बंद करतो. मुरूम टाकून बुजवतो. पोरगं खाल्लं माह्या टाकीनं."

माझ्या मनात त्या क्षणी काय होतं ते खरं लिहिते. बुजवाच, असं म्हणावंसं वाटलं. म्हातारा माझ्यासमोर रडत होता आणि मला त्याची दया येत नव्हती. मग वाटलं, प्रदीपला चावलेला डास टाकीतलाच होता हे कोण सांगणार? आमच्या कूलरमधला असेल, दुकानामागच्या टायरमधला असेल, शेजारच्या रांजणातला असेल. टाकी बुजवली तर तेवढेच ड्रम वाढतील आणि तितकीच घरं तहानलेली राहतील. आणि आबांनी जे केलं ते स्वतःसाठी नव्हतं. वस्तीच्या भल्यासाठीच त्यांनी नाही म्हटलं होतं, नि वस्तीच्या भल्यासाठीच तो आरोग्य सेवक बाटली घेऊन आला होता. मधल्या मध्ये माझा माणूस गेला.

"बुजवायची नाही, आबा," मी म्हटलं. "त्यात औषध टाकायचं आहे. पण ते मी टाकेन."

"प्रदीप नाई म्हने," आबा म्हणाले.

"हो. ते नाहीच म्हणाले असते."

दुसऱ्या दिवशी मी आरोग्य केंद्रात गेले. तोच आरोग्य सेवक होता. मला ओळखून उभा राहिला. मी त्याला सांगितलं, "टाकीवर या. माप तुम्ही सांगा, टाकेन मी. आणि आमच्या वस्तीत 'तुम्ही लोकं' हा शब्द पुन्हा वापरायचा नाही. बाकी जे सांगायचं ते सगळं सांगा, आम्ही ऐकू." तो खाली मान घालून म्हणाला, "चुकलं मॅडम." प्रदीप सोडून दुसऱ्या कोणाच्या तोंडी मॅडम हा शब्द त्या दिवशी मला सहन झाला नाही. पण तो बिचारा दुसरं काय म्हणणार होता?

टाकीवर सगळे जमले होते, त्या दिवसासारखेच. त्याने टाकीची लांबी-रुंदी पाहून औषध मोजून दिलं. मी ते माझ्या हाताने पाण्यात सोडलं. मोटारीच्या पाईपाभोवती मुठीएवढी फट होती. पाईप दुरुस्तीला सहज निघावा म्हणून प्रदीपनीच ती ठेवली होती आणि वरून चिंधी कोंबली होती. चिंधी कधीच कुजून गेली होती. ती फट आम्ही जाळी लावून सिमेंटने बंद केली.

आता हे वाचणाऱ्यांना सांगते. घरात कोणाला डेंग्यू असेल तर ताप उतरल्यानंतरचे दोन-तीन दिवस त्याला नजरेआड करू नका. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार पडणं, हिरड्यांतून रक्त, यातलं एकही दिसलं तर बरं वाटतंय म्हणणाऱ्या माणसाचं ऐकू नका, दवाखाना गाठा. आणि दारात कोणी बॅटरी घेऊन आलं तर त्याच्याशी भांडायचं असेल तर जरूर भांडा. शब्दाला शब्द द्या, अपमान गिळू नका. पण भांडून झालं की झाकण उघडून आत पाहू द्या.

औषध टाकलं त्या दिवशी टाकीचं पाणी कोणी नेलं नाही. उद्यापासून प्यायला हरकत नाही असं सांगून आरोग्य सेवक गेला होता. दुसऱ्या सकाळी मी गेले तर बायका रिकाम्या घागरी घेऊन टाकीभोवती उभ्या होत्या. झाकणाला कोणी हात लावत नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्यांचा रागही येईना. काही टाकलेलं पाणी आहे ते. त्यांच्या आज्यांनी काय काय सोसलं, मला ठाऊक आहे.

मी मोटारीचं बटण दाबलं. घरून आणलेला ग्लास नळाखाली धरला. ग्लास भरला तसा चमचाभर पाण्यासाठी उघडलेलं प्रदीपचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे आलं. सकाळी पोटभर देते म्हटलं होतं मी. थोडं पाणी पदरावर सांडलं. मी तो ग्लास सगळ्यांसमोर तळापर्यंत प्याले. चव नेहमीचीच होती.

काठी टेकत आबा पुढे आले आणि त्यांनी हात पसरला.

"भर, सूनबाई," ते म्हणाले. "मले बी दे."